पिंड आणि गादी

मृत राजाला पिंड देणारा पुत्र त्याच्या गादीचाही वारस ठरतो की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या पोथीत जितका सरळ दिसतो तितका नागपूरच्या इतिहासात राहिला नाही. तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी औरस, म्हणजे स्वतःच्या पोटचा, पुत्र मागे न ठेवता वारले, तेव्हा यशवंतराव अहिरराव या नात्यातल्या मुलाने त्यांचे उत्तरकार्य केले आणि पुढे राण्यांच्या दत्तकविधानाने तोच जानोजी भोसले झाला. परंतु गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीच्या लेखी गादी बेवारस होती, आणि 1854 मध्ये त्याने राज्य खालसा केले, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात सामील करून टाकले.

दत्तकाचा मूळ हेतू पारलौकिक आहे. पितरांचे ऋण फेडणारा आणि पुत् नावाच्या नरकातून तारणारा तो पुत्र, अशी मनुस्मृतीची व्युत्पत्ती आहे, आणि औरस नसेल तेथे हे काम दत्तकाकडे येते. पतीच्या पश्चात विधवेने दत्तक घ्यावा की नाही, यावर मात्र निबंधकारांत, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलन-ग्रंथ लिहिणाऱ्यांत, एकमत नव्हते. नंदपंडितांची ‘दत्तकमीमांसा’ तिला तो अधिकारच देत नाही. उलट मूळच्या पैठणच्या पण काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठांचा ‘व्यवहारमयूख’, जो महाराष्ट्रात प्रमाण मानला गेला, पतीची स्पष्ट आज्ञा नसली तरी तिला अडवत नाही. डलहौसीने शास्त्राशी वाद घातला नाही, त्याने शास्त्राचे क्षेत्रच आखडले: दत्तकाने खाजगी मालमत्ता घ्यावी, श्राद्ध करावे, पण अंकित राज्याची गादी वरिष्ठ सत्तेच्या मान्यतेवाचून त्याला मिळत नाही. रघुजींच्या आत्म्याला पुत्र मिळाला, सिंहासनाला मिळाला नाही.

या युक्तिवादातली गोम अशी की खुद्द रघुजी दत्तकच होते. इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर तेव्हाचे राजे अप्पासाहेब भोसले यांना पदच्युत केल्यावर 1818 मध्ये त्यांच्या आधीचे राजे परसोजी यांच्या विधवा दुर्गाबाईंनी बाजीबा नावाच्या अल्पवयीन मुलाला दत्तक घेतले, आणि त्याला रघुजी म्हणून गादीवर बसवणारे इंग्रजच होते. शिवाय ज्या इंग्लंडचे हे अधिकारी होते तेथील कायदेपंडित राजाला दोन देह मानत आले होते, एक मर्त्य आणि दुसरा राज्यरूप, जो कधी मरत नाही. तो दुसरा देह नागपूरच्या राजाला मात्र नाकारला गेला. कौटिल्याच्या सप्तांग सिद्धांतातही स्वामी, म्हणजे राजा, हे राज्याच्या सात अंगांपैकी केवळ एक अंग आहे, तेव्हा एक अंग गळाल्याने राज्य संपत नाही. अर्थात तोच सिद्धांत राण्यांच्या बाजूलाही अडचणीचा आहे, कारण राज्य हे घराण्याचे वतन असल्यासारखाच त्यांचा दावा होता. प्रजेला विचारावे, असे दोन्ही पक्षांपैकी कोणालाही सुचले नाही.

खालशानंतर वाड्यातले हत्ती, घोडे आणि बैल लिलावात निघाले, आणि भोसल्यांचे जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. अशा खालशांचा रोष 1857 च्या उठावात मिसळला, तरी नागपुरात भोसले घराण्यातील वृद्ध राणी बाकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. फ्रान्समध्ये 1792 साली क्रांतीने राजसत्ता मोडली आणि 1804 मध्ये पोपच्या समक्ष नेपोलियनने स्वतःच्या हाताने मुकुट घालून तेथे साम्राज्य उभे केले. येथे क्रम निराळा होता. येथे राज्य लेखणीने मोडले, बंड त्यानंतर झाले, आणि बंड फसल्यावर कंपनी जाऊन राणीची सत्ता आली. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेल्या कापड गिरणीला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले.

मात्र या नव्या सत्तेला पुत्राचा प्रश्न टाळता आला नाही. ज्या दत्तकाला नाकारून मुलूख वाढवला होता, तोच दत्तक मान्य करणाऱ्या सनदा व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगने उरलेल्या संस्थानिकांना दिल्या, कारण निष्ठा टिकवायची तर घराणी टिकणे भाग होते. जानोजींनाही किताब मिळाला, पण तो नागपूरचा नव्हता: सातारा भागातल्या, भोसल्यांच्या देऊर गावावरून त्यांना ‘राजेबहादूर’ म्हटले जाऊ लागले.