दुसरा दाब

'ब्रेक फेल झाला' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की त्याच्या व्याकरणाकडे कुणाचे लक्षच जात नाही. वाक्याचा कर्ता ब्रेक आहे, क्रियापद अकर्मक आहे, आणि माणूस त्यात कोठेच नाही. पाऊस पडला, दिवस मावळला, तसा ब्रेक फेल झाला! ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या ताफ्यातील एक बस गर्दीत घुसली आणि माणसे प्राणास मुकली, तेव्हाही आरंभी हेच वाक्य तोंडोतोंडी झाले. पुढे परिवहन खात्याच्या तपासणीत ब्रेक शाबूत असल्याचे सांगण्यात आले. त्या प्रकरणाचा निवाडा करणे माझे काम नव्हे. मला कुतूहल आहे ते एवढेच, की हे वाक्य आपल्या ओठांवर इतके तयार का असते?

वास्तविक पिकअपसारख्या साध्या मालगाडीचा ब्रेक सांगितल्यावाचून क्वचितच जातो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातले गास घ्या. या भागातल्या वाड्यांची भाजी, केळी आणि फुले पूर्वी डोक्यावरच्या पाट्यांतून आणि रेल्वेच्या डब्यांतून मुंबईला जात; आता त्यांच्या जोडीला पिकअप आली आहे. समुद्र जवळ, हवा खारी; अशा हवेत ब्रेकच्या लोखंडी नळ्या लवकर गंजतात. गंज आधी डोळ्यांना दिसतो, मग चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसते, मग टाकीतले ब्रेक ऑइल उतरते. इतक्या पायऱ्यांनी जो येतो त्याला 'अचानक आला' म्हणणे हे जरा धाडसाचेच आहे.

आणि डोळे चुकले तरी पाय चुकत नाही. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चाकांकडे रेटले जाते. तेल दबून आकसत नाही, म्हणूनच पायाचे बळ चाकापर्यंत पोहोचते. नळीत हवा शिरली की ती मात्र आकसते, आणि पेडल भिजल्या स्पंजासारखे लागते. पेडल दगडासारखे ताठ झाले, तर बहुधा बूस्टरचा निर्वात हरवलेला असतो. इंजिन बंद ठेवून चार-सहा वेळा पेडल दाबावे, मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर जिवंत आहे. तेल जुने झाले की हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. तेच ओल शोषलेले असेल तर दंडक १४० अंशांवर येतो. लांब उतारावर ब्रेक सतत तापले की असे तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते.

परंतु सर्वांत कपटी खोड म्हणजे पाय स्थिर दाबून धरला असता हळूहळू खाली बसत जाणारे पेडल. मास्टर सिलिंडरमधले रबरी वॉशर झिजले की तेल आतल्या आत मागे सरकते. जमिनीवर थेंब नाही, टाकीतली पातळी उतरत नाही. दुसऱ्यांदा दाबले की पेडल पुन्हा वर येते.

माझ्या मते सारा नैतिक प्रश्न या दुसऱ्या दाबात आहे. पहिल्या दिवशी ड्रायव्हर दचकतो. आठवड्याने तो जाणूनबुजून दोनदा दाबतो. महिन्याने पाय आपणहून दोनदा दाबतो, आणि मनाला त्याची वार्ताही नसते. आता त्याला विचारा, तो मनापासून सांगेल, 'ब्रेक ठीक आहे.' तो खोटे बोलत नाही. मग अपघात झाला तर तो निर्दोष का?

डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर निबंध लिहिला, त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने आहे हे त्याला ठाऊक असते. तरी तो शंका मनातल्या मनात बुजवतो, जहाज सुखरूप जाईल अशी खरोखरच खात्री करून घेतो, आणि उतारूंसह ते बुडते. क्लिफर्ड त्याला दोषी ठरवतो. जहाज तरले असते तरी तो तितकाच दोषी, असेही म्हणतो. कारण त्या विश्वासावर त्याचा अधिकारच नव्हता. हे मला पटते. वसईच्या चर्चमध्ये मिस्साच्या आरंभी भाविक जी कबुली देतात, तीतही केलेल्या पापांबरोबर करायचे राहून गेलेलेही येते, ते उगीच नव्हे.

तरी क्लिफर्डचा दाखला येथे पुरा पडत नाही. त्याच्या जहाजाचा धोका जाणणारा आणि खर्च करणारा माणूस एकच होता. पिकअपचे तसे नसते. पेडलाचे बसणे कळते ते खेपेवर पोट असलेल्या ड्रायव्हरला. मास्टर सिलिंडरचे पैसे द्यायचे असतात मालकाने. ड्रायव्हर 'शेठ, पेडल बसतंय' म्हणतो, मालकाला 'हा कटकट करतो' असे ऐकू येते. त्यात मेस्त्री तिसरा. 'उद्या बाजार आहे, आजच्यापुरतं करून द्या' असे सांगितले की तो हवा काढतो, मागचे शू वर घेतो. पेडल उंच लागते, सगळे खूश. वॉशर मात्र तेच. अशी दुरुस्ती न केलेल्या दुरुस्तीहून वाईट, असे मी म्हणेन. गाडी एक खरी गोष्ट सांगत होती, तिचे तेवढे तोंड बंद केले. कुणी म्हणेल, मेस्त्रीलाही पोट आहे. त्याने नकार दिला तर गाडी पुढच्या गॅरेजात जाईल. जाईलही. पण तेथे ती निदान बसत्या पेडलासह जाईल.

मेस्त्रीच्या हाती नकाराखेरीज आणखी एक उपाय असतो, आणि त्याला पैसा पडत नाही. मालकाला ड्रायव्हरच्या जागेवर बसवावे, इंजिन सुरू करून पेडल दाबून धरायला सांगावे, आणि अर्धा मिनिट कुणी काही बोलू नये. पेडल त्याच्याच पायाखाली हळूहळू खाली जाईल. मग, उद्याच्या खेपेला गाडी पाठवायची का, ते त्याला विचारावे.