गीतक्रमाचा धनी कोण?

गायनास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक गायकवृंदाला एक निर्णय घ्यावाच लागतो : कोणती गीते गायची आणि कोणत्या क्रमाने? मैफलीची सांगता भैरवीने होते. आपल्या मिस्साविधीत तर प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाचे गीत असा क्रम उपासनेनेच आखून दिलेला आहे. कालपरवापर्यंत ही यादी वहीच्या पानावर, पुष्कळदा पेटीवाल्याच्या डोक्यातच असे. आता ती टॅब्लेटच्या पडद्यावर आली आहे.

या साधनाची सोय नाकारण्यात अर्थ नाही. शेकडो गीते एका पाटीएवढ्या जागेत मावतात. प्रत्येक गीताला आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ, विवाह, अंत्यविधी अशी खूण लावता येते. शनिवारी रात्री बोटाने गीते वरखाली सरकवली की रविवारची यादी सिद्ध. काळी दोनमधले गीत पांढरी एकमध्ये हवे असेल तर अक्षरांत लिहिलेले कॉर्ड क्षणात बदलून मिळतात. पायाखालच्या पेडलने पान उलटते आणि हात वाद्यावरच राहतात. काही अ‍ॅपमध्ये तर प्रमुखाने आपल्या पडद्यावरचे गीत बदलले की सर्वांच्या पडद्यांवर ते आपोआप बदलते.

यामुळे पाठांतर बुडेल, ही तक्रार मला फारशी पटत नाही. ती फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात इजिप्तच्या राजाने प्रत्यक्ष लेखनविद्येवरच हा आक्षेप घेतला आहे. अकराव्या शतकात आरेत्सोचा ग्विदो या बेनेडिक्टाइन संन्याशाने रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली. तोवर मठातील गायकांची दहादहा वर्षे केवळ ऐकून पाठ करण्यात जात. तीच विद्या एकदोन वर्षांत साध्य होईल, असे ग्विदोने लिहून ठेवले. पोंपोसाच्या मठातील त्याच्या सहबंधूंना हे रुचले नाही. पोप योहान एकोणिसावे यांनी मात्र त्याला रोमला बोलावून घेतले आणि त्या पद्धतीने स्वतः गाऊन पाहिले. लिहिलेल्या स्वरांमुळे ख्रिस्तसभेचे संगीत आटले नाही, उलट बहरले.

मग प्रश्न कोठे आहे? मला तो जबाबदारीचा वाटतो.

एका धर्मग्रामातील अंत्यविधीचा प्रसंग सांगतो. मृत मातेच्या आवडीचे एक जुने गीत गावे, अशी विनंती तिच्या मुलीने केली. “ते यादीत नाही,” असे उत्तर मिळाले. उत्तर खरे होते, त्यात उद्धटपणाही नव्हता. पण ‘यादीत नाही’ आणि ‘आम्हांला येत नाही’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. ‘येत नाही’ म्हणणारा स्वतःचे उणेपण पत्करतो आणि कोणाला येते का, याचा शोध घेऊ शकतो. ‘यादीत नाही’ म्हणणारा आपला भार यंत्रावर टाकून मोकळा होतो. तिसऱ्या बाकावरील दोन वृद्ध भगिनींना ते गीत अथपासून इतिपर्यंत पाठ होते. त्यांना विचारावे, हे कोणाला सुचलेच नाही. ते गीत वगळण्याचा निर्णयही कोणी घेतला नव्हता. ज्या तरुणाने गीते टंकित केली त्याच्या कानावर ते कधी आलेच नव्हते, एवढेच. ज्या वगळण्याला कर्ताच नाही त्याचा जाब कोणाला विचारावा?

संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात काळाचे स्वरूप उलगडताना स्तोत्राचे उदाहरण घेतले आहे. स्तोत्र म्हणू लागण्यापूर्वी ते सगळे मनात अपेक्षारूपाने असते आणि म्हणता म्हणता स्मृतीत उतरत जाते. गायकवृंदाच्या प्रमुखाचेही असेच असते. ख्रिस्तप्रसादाची रांग लवकर संपली तर तिसरे कडवे सोडायचे, की गीत पुरे करायचे? हे ज्याच्या मनात सर्व विधी उभा आहे त्यालाच कळते. पुढचे काय ते पडद्यालाच ठाऊक असेल, तर त्याची नजर पडद्यावरून उठत नाही आणि लोक गात आहेत की नुसते ऐकत आहेत, हे त्याला दिसत नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात गायकवृंदांना उत्तेजन देतानाच, जनसमुदायाचा गायनातील वाटा राखण्याची सूचना आहे. (जाता जाता : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने धार्मिक विधीतील गायनाला मोकळीक दिली आहे, पण म्हणून एखाद्याने कष्टाने सिद्ध केलेले गीतपुस्तक पानोपान टिपून सर्वांना वाटावे, असा त्याचा अर्थ होत नाही. कवीला आणि संगीतकारालाही पोट असते.)

तेव्हा टॅब्लेट जरूर घ्यावा. मात्र यादीची किल्ली एकाच्याच हाती नसावी, निदान तिघांच्या असावी. तबलजीकडे टॅब्लेट नसेल तर शनिवारच्या सरावात यादी मोठ्याने वाचावी, म्हणजे कोणाला काही सुचवायचे असल्यास सुचवता येईल. आणि नवे गीत पडद्यावर चढवण्याआधी फोन घेऊन त्या तिसऱ्या बाकावरच्या भगिनींच्या घरी जावे, त्यांच्या आवाजात चाल टिपून घ्यावी. त्या दोघी आज ऐंशीच्या पुढे आहेत.