श्रेयांक आणि विद्येचा काळ

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये असतानाच विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे अभ्यासक्रम पुरे करून पदवीचे काही श्रेयांक आगाऊ मिळवण्याची जी सोय आहे, तिची चर्चा बहुधा प्रवेश, स्पर्धा आणि पैसा यांभोवती फिरते. परंतु तिच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न उभा आहे: एखादी विद्या आत्मसात करायला लागणारा काळ हा केवळ तिच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च असतो, आणि म्हणून तो वाचवता येतो, की तो काळ त्या विद्येचाच एक घटक असतो?

श्रेयांक म्हणजे ठरावीक अध्ययन पूर्ण झाल्याची मोजता येणारी नोंद. हे माप अमेरिकेत रूढ झाले ते १९०६ च्या सुमारास, कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी निधी देताना सहभागी महाविद्यालयांना प्रवेशाचे समान निकष घालून दिले तेव्हा; एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तास म्हणजे एक एकक, असा त्याचा हिशेब होता. (भारतात २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही ३० तासांचे अध्ययन म्हणजे एक श्रेयांक, असेच तासांचे गणित आहे.) या पार्श्वभूमीवर ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजेच एपी, हा आगाऊ श्रेयांकांचा कार्यक्रम वेगळा ठरतो. विसाव्या शतकाच्या मध्याला अँडोव्हर, एक्सेटर आणि लॉरेन्सव्हिल या शाळांतील व हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि येल या विद्यापीठांतील अध्यापकांनी एकत्र बसून विचार केला, तेव्हा हुशार विद्यार्थी शाळेत शिकलेलेच विद्यापीठात पुन्हा गिरवतात, असे त्यांना आढळले. फोर्ड प्रतिष्ठानाच्या निधीतून प्रयोग झाले, १९५५ साली ही व्यवस्था कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे आली, आणि पुढच्याच वर्षी पहिल्या परीक्षा झाल्या. मे महिन्यात होणाऱ्या या परीक्षेत १ ते ५ अशी श्रेणी मिळते, आणि विद्यार्थी वर्गात किती तास बसला हे तेथे कोणी विचारत नाही. ज्ञान असेल तर ते कोठे आणि किती काळात मिळवले याला महत्त्व नाही, ही त्यामागची भूमिका केवळ सोयीची नाही; तिच्यात ज्ञानाविषयीचा एक खराखुरा आदर आहे.

मात्र ही भूमिका सर्व विद्यांना सारखी लागू पडत नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात असे नोंदवले आहे की तरुण मुलगा भूमितीत आणि गणितात पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारविवेक त्याच्या ठायी आढळत नाही, कारण तो विवेक विशिष्ट प्रसंगांच्या अनुभवातून येतो आणि अनुभवाला वर्षे लागतात. या भेदातील पहिल्या बाजूचे उदाहरण एपीच्या इतिहासातच सापडते. १९८२ साली पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफिल्ड हायस्कूलमध्ये गणिताचे शिक्षक हाइमे एस्कालांते यांच्या १८ विद्यार्थ्यांनी कलनाची परीक्षा उत्तीर्ण केली. हे विद्यार्थी बहुतांश गरीब मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांतील होते, आणि त्यांपैकी १४ जणांच्या उत्तरांतील साम्यामुळे परीक्षा घेणाऱ्यांना शंका आली. त्यांतील १२ जण पुन्हा परीक्षेला बसले व सर्वच उत्तीर्ण झाले. त्यांचे कलनाचे ज्ञान सतराव्या वर्षी पूर्ण होते. विसाव्या वर्षी ते अधिक खरे झाले नसते. अशा ज्ञानाला श्रेयांक नाकारणे हे त्या विद्यार्थ्यांच्या सिद्ध झालेल्या ज्ञानाचा अवमान करण्यासारखेच आहे.

इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र यांची गोष्ट निराळी आहे. पतंजलीने ‘महाभाष्य’ या आपल्या व्याकरणग्रंथाच्या आरंभी विद्या चार प्रकारांनी उपयोगास येते असे सांगितले आहे: आगमकाल म्हणजे गुरूकडून ती ग्रहण करण्याचा काळ, स्वाध्यायकाल म्हणजे स्वतः घोळवण्याचा, प्रवचनकाल म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याचा आणि व्यवहारकाल म्हणजे ती वापरण्याचा. व्याकरणासारख्या नियमबद्ध शास्त्राच्या संदर्भातही या चारही अवस्थांना त्याने ‘काल’ म्हणावे, हे विचार करण्याजोगे आहे. अमेरिकन इतिहासाच्या एपी परीक्षेत सात कागदपत्रे समोर ठेवून सुमारे तासाभरात त्यांच्या आधारे युक्तिवाद लिहायला सांगतात, तेव्हा ती परीक्षा निव्वळ पाठांतराच्या पलीकडे जाण्याचा प्रामाणिक प्रयत्न करते, हे मान्य केले पाहिजे. तरीही यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना १८७० पर्यंत घटनेने दिलेले हक्क पुढच्या काही दशकांत व्यवहारात कसे हिरावले गेले, हा विषय सोळाव्या वर्षी वाचणे आणि मतदानाचा हक्क मिळाल्यानंतर, वेगळे मत असलेल्या सहाध्याय्यांसमोर आपले म्हणणे मांडत वाचणे, यांत पुनरावृत्ती नाही. दुसऱ्या वेळी वाचणारा मनुष्य बदललेला असतो, आणि त्या विषयाचे आकलन वाचणाऱ्याच्या बदलण्यावरच अवलंबून असते.

संस्थांनाही या प्रश्नाचे एकच उत्तर सापडलेले नाही. ओहायो आणि इलिनॉय या राज्यांत सार्वजनिक विद्यापीठांनी ३ किंवा त्याहून वरच्या श्रेणीला श्रेयांक द्यावेत असा नियम आहे. उलट डार्टमाउथ महाविद्यालयाने २०१४ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी पदवीकरिता असे श्रेयांक देणे थांबवले, मात्र वरच्या वर्गात थेट बसण्याची मुभा कायम ठेवली. तेथील मानसशास्त्र विभागाने एपीत ५ श्रेणी मिळवलेल्यांची आपल्या प्रास्ताविक अभ्यासक्रमावर संक्षिप्त परीक्षा घेतली असता बहुतेक जण नापास झाले होते, हे त्या वेळी पुढे आलेले एक कारण. परंतु तोच अभ्यासक्रम महाविद्यालयात पुरा केलेल्यांची वर्षभराने अचानक परीक्षा घेतली असती तर निकाल कितपत वेगळा लागला असता, हा प्रश्न उरतोच. विस्मरणावरून मूळ ज्ञान नव्हतेच असा निष्कर्ष काढता येत नाही.

शिवाय काळाच्या महत्त्वाचा युक्तिवाद करणाऱ्या विद्यापीठाला त्या काळाचे शुल्क मिळत असते, ही बाब दृष्टीआड करणे योग्य नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे एक सत्र वाचणे ही त्याच्या घरासाठी मोठी गोष्ट असते, आणि शेकडो विद्यार्थ्यांच्या सभागृहात क्रमिक पुस्तकच पुन्हा सांगितले जाणार असेल तर त्याला तेथे बसवण्याचे समर्थन पतंजली किंवा ॲरिस्टॉटल यांच्या आधारे करता येणार नाही. ज्या विद्यापीठाला इतिहास किंवा साहित्य यांचे श्रेयांक नाकारायचे असतील, त्याने आधी हे विषय लहान वर्गांत, मूळ साधने हाती देऊन, लेखन आणि वाद यांच्या आधारे पहिल्याच वर्षी शिकवण्याची जबाबदारी घ्यावी, अनुभवी प्राध्यापकांना त्या वर्गांवर नेमावे, आणि मगच विद्यार्थ्याकडून त्या काळाची मागणी करावी.