एकट्याचा प्रवास

एकट्याने प्रवास करावा की सोबतीने, हा प्रश्न वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचा वाटतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अलीकडेच अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतराजीतून थेट नॅशव्हिल व मेम्फिस या संगीताच्या नगरांपर्यंत एकट्यानेच मोटार हाकली, आणि आयुष्यात प्रथमच आपण कोणाचेही ऋणी नाही असे वाटले, असे मोठ्या उल्हासाने कळविले. त्याचा आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या 'ऋणी नाही'पाशी मी अडलो.

बृहदारण्यकोपनिषदात आरंभीच्या एकाकी पुरुषाची कथा आहे. प्रथम तो भ्याला. मग, आपल्यावाचून दुसरे कोणी नाहीच तर भ्यावयाचे कोणाला, या विचाराने त्याचे भय गेले. तथापि भय गेले तरी आनंद काही लाभेना, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. आमचे वेदान्ती या कथेच्या पूर्वार्धावरच अधिक रेंगाळतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पर्वतात हा पूर्वार्धच खरा वाटावा अशी सोय आहे. 'ब्लू रिज पार्कवे' हा ४६९ मैलांचा रस्ता. मालवाहू गाड्यांस तेथे मज्जाव. त्याच्या दक्षिण टोकाशी ग्रेट स्मोकी पर्वतांचे राष्ट्रीय उद्यान लागते. तेथील निःशब्दता निसर्गदत्त आहे असे प्रवाशास वाटते; वस्तुतः ती बरीचशी मनुष्यकृत आहे. चेरोकी लोकांपैकी बहुतेकांस १८३८ मध्ये या मुलखातून सक्तीने घालवून दिले. पुढे १९३४ मध्ये उद्यान स्थापन झाले, त्यापायी तेथील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. केड्स कोव्ह नावाच्या खोऱ्यात त्यांची लाकडी घरे व प्रार्थनामंदिरे अद्याप राखून ठेवलेली आहेत. चुली मात्र विझल्या आहेत.

बरे, हे एकाकी भटकणे तरी सर्वांस खुले होते काय? न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ग्रीन या टपालवाल्याने १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक पुस्तिका काढली. कोठे उतरावे, कोठे जेवावे, याची तीत यादी असे. डीफर्ड बेली हा नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या नभोवाणी-कार्यक्रमातील लोकप्रिय हार्मोनिकावादक. दौऱ्यावर श्रोते त्याला डोक्यावर घेत. परंतु गोरे साथीदार ज्या हॉटेलांत उतरत, तेथे त्याला बहुधा खोली मिळत नसे. त्याचे भय तत्त्वज्ञानातले नव्हते. रात्री निजावयाचे कोठे, एवढेच ते होते.

यावर विद्यार्थी म्हणेल, यातले पाप मी केलेले नाही. अगदी बरोबर. परंतु ऋण आणि अपराध यांची गल्लत करू नये. आपल्याकडे पितृऋण मानतात, म्हणजे जन्माला येणे हा मुलाचा गुन्हा मानतात असे नव्हे. अपराध्याने प्रायश्चित्त घ्यावयाचे असते. ऋणकोने निदान धनकोचे नाव ठाऊक करून घ्यावे.

आणि ते नाव बहुधा पाटीवर नसते. व्हर्जिनिया व टेनेसी यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी १९२७ मध्ये कार्टर कुटुंबाची गाणी प्रथम ध्वनिमुद्रित झाली. ए. पी. कार्टर पुढे जुनी गाणी गोळा करीत डोंगरांतून हिंडला, पण तो एकटा नव्हता. लेस्ली रिडल हा एक पाय गमावलेला कृष्णवर्णीय गिटारवादक बहुधा त्याच्या बरोबर असे. कार्टर शब्द टिपून घेई, रिडल चाल ध्यानात ठेवी. गाणी प्रसिद्ध झाली ती कार्टरच्या नावाने. आज मोटारीत एकट्याने ती ऐकणारा मनुष्य रिडलच्या स्मरणशक्तीवर आपली करमणूक करीत असतो.

मेम्फिसच्या लॉरेन मोटेलात 'स्टॅक्स' या ध्वनिमुद्रण-संस्थेचे कलावंत उतरत. तेथेच एडी फ्लॉइड हा कृष्णवर्णीय गायक आणि स्टीव्ह क्रॉपर हा गोरा गिटारवादक यांनी मिळून 'नॉक ऑन वुड' हे गाणे रचले. ते १९६६ मध्ये निघाले. दोनच वर्षांनी, ४ एप्रिल १९६८ रोजी, त्याच मोटेलाच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. १९९१ पासून तेथे नागरी हक्कांचे संग्रहालय आहे, आणि ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर कठड्याला पुष्पचक्र अडकविलेले असते.