मोडेन पण वाकणार नाही

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आपला बाणा, असे मी लग्नाआधी सर्वांना सांगत असे. परवा फिजिओथेरपीच्या बाईंनी मला भिंतीला टेकवून उभे केले. टाचा टेकल्या, पाठ टेकली, डोके मात्र चार बोटे पुढेच!

“काका, रोज मोबाइल किती तास?”

“असेल तासभर.”

मोबाइल माझ्याइतका भिडस्त नाही. त्याने साडेपाच तास दाखवले.

माणसाचे डोके साधारण 5 किलोचे. मान 60 अंशांत वाकवली की मणक्यांवर सुमारे 27 किलोंचा भार येतो, असे गणित 2014 साली एका अमेरिकन शल्यविशारदाने मांडले. मानेचे मणके मात्र सातच. जिराफालाही सातच असतात. पण त्याला व्हॉट्सॲप नाही.

उपाय सोपा. दाराच्या चौकटीवर दोन्ही हात टेकायचे, एक पाय पुढे टाकून छाती पुढे काढायची आणि 30 सेकंद थांबायचे. मग हनुवटी सरळ मागे घ्यायची. कोणी उसने पैसे मागितले की आपण घेतो ना, अगदी तशी!

काल असा चौकटीत ताणलेला असताना समोरच्या भिंतीवर नानांचा फोटो दिसला. नाना कारकून होते. साहेब आला की कमरेत वाकायचे. कॉलेजात असताना मी त्यांना सुनावले होते, “नाना, तुम्हाला कणाच नाही.” ते काही बोलले नाहीत. टोपी खुंटीला लावली आणि ताठ बसून जेवले.

आता हिशेब मांडतो. नाना दिवसातून चारदा वाकत, ते माझ्या फीसाठी. आणि घरी आले की सरळ होत. मी साडेपाच तास वाकतो, ते कुणाच्या ताटात काय आहे हे बघायला! पाया पडणाऱ्याला समोरचा निदान ‘ऊठ बाळा’ म्हणतो. मला उठवायला पलीकडे कोणी नाहीच. मग कणा नक्की कुणाला नव्हता?

चौकट सोडून फोटोपुढे वाकलो. कळ आली, पण उठलो.

चहा घेऊन दाराआड खोळंबलेली ही म्हणाली, “हा कुठला नवीन व्यायाम?”

“जुनाच,” मी म्हटले, “करायचा राहिला होता.”