बोडका डोंगर

गेल्या जुलैत खुलताबादच्या वर, शूलिभंजनच्या बाजूला, एका वृक्षारोपणाला गेलो होतो. मांडव, सतरंज्या, पाहुण्यांसाठी नवी कोरी फावडी. ट्रॉलीतून उतरवलेली काळ्या पिशव्यांतली रोपं: थोडा करंज, थोडा काशीद आणि निम्म्याहून जास्त गिरीपुष्प, म्हणजे आपली ग्लिरिसिडिया. पाहुणे नेहमीचंच बोलले. मराठवाड्यात जेमतेम चार टक्के जंगल, हवं तेहतीस टक्के, म्हणून तर दुष्काळ. तेव्हा हा बोडका डोंगर आपण हिरवा करायचा. टाळ्या पडल्या. मी खाली पाहिलं. डोंगर हिरवाच होता. पंधरा दिवसांच्या पावसानं पवन्या आणि मारवेल घोट्याच्या वर आलं होतं, आणि खड्ड्यांसाठी नेमकं तेच खरवडून काढलं होतं. प्रत्येक खड्ड्याशेजारी गवताचा एक गड्डा, मुळं वर करून पडलेला.

बोडका हा शब्द तेव्हापासून डोक्यातून जात नाही. केशवपन केलेल्या बाईला आपल्याकडे याच शब्दानं हिणवायचे. डोंगराला तो लावला की एक गोष्ट न सांगता गृहीत धरली जाते: इथं काहीतरी दाट होतं आणि ते गेलं. मग वाद उरतो तो कुणी घालवलं एवढाच. इंग्रजांनी, निजामानं, ठेकेदारांनी की शेळ्यांनी? मुळात इथं काय होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

‘जंगल’ हा शब्दच घ्या. तो ज्या संस्कृत ‘जांगल’वरून आला, त्याचा अर्थ गर्द झाडी असा नव्हताच. आयुर्वेदात देशांचे तीन प्रकार आहेत: आनूप म्हणजे पाणथळ, जांगल म्हणजे कोरडा, आणि दोहोंच्या मधला साधारण. चरकाच्या कल्पस्थानात जांगल देशाचं वर्णन आहे: मोकळं आकाश, कोरडा वारा आणि त्यात उभी असलेली झाडं. त्या यादीत खैर आहे, धावडा आहे, तिवस, सालई, बोर, टेंभुर्णी, आवळा आहे. म्हैसमाळचा घाट चढताना ही यादी हातात घेऊन बसा. निम्मी नावं खिडकीतून दिसतील. या जांगलात हरणं राहतात, त्यांचं मांस पचायला हलकं, माणसं काटक. मनुस्मृतीत तर राजानं धान्यानं समृद्ध अशा जांगल प्रदेशात वस्ती करावी असं म्हटलं आहे, आणि जिथं काळवीट आपसूक हिंडतं तीच यज्ञाला योग्य भूमी, असंही. मनूकडून पर्यावरण शिकायचं नाही, पण शब्दाचा अर्थ विचारायला हरकत नसावी. काळवीट हा गवताचा प्राणी आहे. गर्द झाडीत त्याला पळता येत नाही. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकानं १९८२ साली या एका शब्दाच्या उलट्या प्रवासावर अख्खं पुस्तक लिहिलं. कोरड्या, मोकळ्या, राहण्याजोग्या मुलखाचं नाव ओल्या, दाट, माणसाला नकोशा झाडीला कसं चिकटलं, ही ती गोष्ट.

मराठी शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ही गल्लत शिरली नाही. त्याचं ‘रान’ अरण्यावरून आलं, तरी तो सकाळी ‘रानात चाललो’ म्हणतो तेव्हा वावरात निघालेला असतो. रानभाजी बांधावरही उगवते आणि डोंगरावरही. माळरान या एका शब्दात माळही आहे आणि रानही. नांगरलेलं, चारलेलं आणि मोकळं सोडलेलं यांच्यात कुंपण घालणारा शब्द वेगळाच आहे. तो ‘पडीक’. महसूलखात्याच्या भाषेत ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. तिच्यावर गावाची शंभर गुरं जगत असली तरी.

मधली शतकं झपाट्यानं ओलांडतो, कारण त्यांबद्दल फारसं भांडण नाही. वेरूळची लेणी याच डोंगराच्या कड्यात कोरली गेली, कैलास आठव्या शतकात. चौदाव्या शतकात सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांचे मुरीद वरच्या पठारावर येऊन राहिले. एकनाथांनी शूलिभंजनला तप केलं असं परंपरा सांगते. मलिक अंबर इथंच पुरला आहे आणि औरंगजेबही, उघड्या कबरीत, वर सब्जाचं रोप. मुद्दा एवढाच की हजार-बाराशे वर्षांत हा डोंगर माणसांवाचून कधी नव्हता. ‘अस्पर्श अरण्य’ इथं शोधायला गेलं तर लेण्यांच्या आधीच्या काळात जावं लागेल.

इंग्रजांचे कायदे, १८६५, १८७८, १९२७, हेही सर्वांना पाठ आहेत. राखीव जंगलं, संरक्षित जंगलं, गावाचा हक्क जाऊन सवलत उरली, माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहांचं हे सगळं मांडून झालं. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ही त्या ओघात हमखास येतो. जंगलखात्यावर फुले तुटून पडले, म्हणून पर्यावरणवाल्यांनी त्यांना आपल्या पंक्तीत बसवलं. बसवावंच. पण तो भाग पुन्हा वाचा. फुले तोडलेल्या झाडांसाठी रडत नाहीत. डोंगरातली फळंफुलं, पळसमोहाची पानं आणि गावच्या गायरानाच्या भरवशावर एखाददुसरी गाय आणि दोनचार शेरडं पाळून जगणाऱ्या माणसाबद्दल ते बोलतात. खात्यानं दऱ्याखोऱ्यांसकट गायरानं गिळली, ही त्यांची तक्रार. त्या पानांत शेळी आरोपी नाही, फिर्यादी आहे.

आणि इथंच मला सर्वांशी भांडायचं आहे. आपण गोष्ट अशी सांगतो: गोऱ्या साहेबानं जंगल म्हणजे लाकूड असं मानलं, स्वातंत्र्यानंतर आपण हळूहळू शहाणे झालो. कागद उलटं सांगतात. १८९३ साली व्होएलकर नावाच्या शेती-रसायनशास्त्रज्ञानं सरकारला अहवाल दिला, की शेतकरी शेण जाळतो कारण त्याला सरपण नाही. जळण आणि चारा यांसाठी वेगळी रानं राखा. पुढच्याच वर्षी वसाहती सरकारचं वनधोरण आलं. त्यात जंगलांचे चार वर्ग होते: हवामान आणि जमीन सांभाळणारी, इमारती लाकडाची, किरकोळ उपजाची, आणि चौथा वर्ग कुरणांचा. साहेब दयाळू होता असं मी म्हणत नाही. चराईची फी होती, कोंडवाडे होते, आणि मालकी शेवटपर्यंत सरकारचीच. पण गवत हा जंगलाचा एक वर्ग आहे, हे निदान यादीत होतं.

१९५२ साली स्वतंत्र भारताचं पहिलं वनधोरण आलं. पुन्हा चार वर्ग: संरक्षक वनं, राष्ट्रीय वनं, ग्रामवनं आणि चौथा वर्ग वृक्षभूमी. कुरणं गेली, त्यांच्या जागी झाडं आली. याच धोरणानं देशाच्या एक तृतीयांश भूभागावर जंगल हवं, डोंगरात साठ टक्के आणि सपाटीला वीस, असं ठरवलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५० साली, कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला होता. दर जुलैत प्रत्येकानं झाड लावायचं. हेतूंबद्दल मला शंका नाही. अन्नटंचाई होती, फाळणीची जखम ओली होती, वाळवंट पुढे सरकतं आहे अशी भीती होती. पण ‘जंगल म्हणजे झाडं’ हे समीकरण आपल्या हातानं, आपल्या सहीनं पक्कं झालं. १९८८च्या धोरणानं पुष्कळ काही सुधारलं, लोकांच्या गरजा आधी मानल्या, तरी तो तेहतिसाचा आकडा तसाच ठेवला. २०१९ साली महाराष्ट्रानं एका पावसाळ्यात झाडं लावायचं लक्ष्य ठेवलं तेही तेहतीस कोटींचं. तेहतीस कोटी देवांच्या देशात आकडा शोधायला वेळ लागला नसावा.

खुलताबादला तर ब्रिटिशांचा कायदा थेट लागूही नव्हता. इथं निजाम होता, आणि हैदराबादचा वनकायदा १३५५ फसलीचा, म्हणजे राज्य संपायला तीनेक वर्षं उरली असतानाचा. तेव्हा आमच्या डोंगराच्या डोक्यावर ‘बोडका’ हा शिक्का राणीच्या सरकारनं मारला, हे म्हणणं सोयीचं असलं तरी खरं नाही. तो बराचसा आपला आहे.

पुढची पायरी मोजणीची. देशाच्या वनस्थितीच्या अहवालात एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांच्या छत्राची दहा टक्के सावली असेल तर ते वनाच्छादन. झाड कोणतं आणि जमीन कुणाची, हा प्रश्न नाही. त्यामुळे आंब्याची बाग जंगलात धरली जाते आणि विरळ धावडे उभे असलेला पवन्याचा माळ ‘झुडपी’ ठरतो. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशांत तोच माळ पुन्हा भेटतो, या वेळी सुधारणेच्या प्रतीक्षेत. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालात सर्वोच्च न्यायालयानं जंगलाचा अर्थ शब्दकोशातला घ्या असं सांगितलं, आणि त्या एका वाक्यानं पुष्कळ झाडी वाचली हे मान्यच. फक्त कोश कोणता, ते सांगितलं नाही. चरकाचा घेतला असता तर आमचा माळ वाचला असता.

हा शब्दांचा खेळ नाही. माळावरचा माळढोक आता बोटांवर मोजावा लागतो. तणमोर, चंडोल, लांडगा हे सगळे मोकळ्या रानाचे रहिवासी. वैजापूरकडे काळविटं शेतातून पळताना दिसतात, कारण माळ उरला नाही. मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला, यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. वर्तमानपत्रांना आनंद झाला, मलाही. पण तो काही गर्द जंगलातून चालत आला नव्हता. शेतं, नाले, गायरानं, खुरटी झुडपं, असा त्याचा रस्ता. आपण ज्याला ‘काहीच नाही’ म्हणतो त्यातून वाघ आला.

विदेशी झाडांबद्दल माझं सोवळं नाही. दौलताबादच्या घाटात दिवाळीच्या आधी बाया टोपल्या घेऊन बसतात त्या सीताफळांचं मूळ अमेरिकेत. शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, माणूस फळ खातो, खाली गवतही येतं; ते इथलं होऊन गेलं. ग्लिरिसिडियाची दाट लागवड केली की सावलीखाली गवत उभं राहत नाही. फरक गावाचा नाही, वागणुकीचा आहे.

हिवरे बाजार या आदर्श गावाची यशोगाथा सांगतानाही आपण झाडांचे फोटो दाखवतो. तिथं कुऱ्हाडबंदी होती तशी चराईबंदीही होती, पण विळ्यानं कापून गवत न्यायला मोकळीक होती. दूध वाढलं ते त्या भाऱ्यांनी.

एवढं म्हटल्यावर गायरानाच्या आठवणीत रमून जाण्याचा मोह होतो. तो टाळतो. गायरान गावाचं होतं, पण सगळ्या गावाचं सारखं नव्हतं. ज्यांच्याकडे जनावरं जास्त त्यांचं जास्त. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले तेव्हा पडीक आणि गायरान जमिनीच मागितल्या, कारण दलितांना दुसरी जमीन मिळणार कुठून? मराठवाड्यातल्या कितीतरी कुटुंबांनी गायरान फोडून ज्वारी केली आणि त्यापायी मारही खाल्ला. माझ्या गवताच्या वकिलीत या माणसांना अतिक्रमणवाले म्हणायची माझी तयारी नाही. एकाच माळावर मेंढपाळ, भूमिहीन, चंडोल आणि आता सोलरवाले असे चार हक्कदार उभे आहेत, आणि पाचवा, रोपांची ट्रॉली घेऊन आलेला, एकटाच म्हणतो की जागा रिकामी आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, स्थायिकांचा आणि फिरत्यांचाही. सामूहिक वनहक्क मिळवलेल्या मेंढा-लेखा गावाचं नाव सर्वांना ठाऊक आहे. पण आमच्याकडचा धनगर अनुसूचित जमातीत नाही, म्हणून त्याला २००५ च्या मागे तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा लागतो. हिशेब १९३०पर्यंत जातो. तेव्हा इथला सरकारी कागद उर्दूत. ज्याच्या आज्याला कोणत्याच लिपीत सही येत नव्हती त्यानं ते दप्तर कुठून आणायचं?

डिसेंबरात पुन्हा त्या माळावर गेलो. गवत सोन्यासारखं वाळलेलं, मांडीएवढं. एक म्हातारे गृहस्थ विळ्यानं कापत होते, पेंढ्या बांधून रोपांच्या ओळीतच रचत होते. रोपं बरीचशी काटक्या झालेली. मी म्हटलं, “मामा, हे रान कुणाचं?”

“कागदावर फारेस्टचं.”

“आणि कागदाशिवाय?”

“कागदाशिवाय काय ऱ्हायलंय सर आता?” म्हणाले, आणि विळा गवतावर पुसून पुढच्या मुठीला लागले. थोड्या वेळानं स्वतःच बोलले, की खड्डे खणले तिथं या साली कुसळीच जास्त माजली, पवन्या काही फुटला नाही. कुसळी फुलली की मेंढराच्या तोंडात टोचते.

खाली उतरायला ऊन कललं. खुलताबादच्या स्टँडवर गाडीला अर्धा तास होता. बाकड्यावर बसून पायमोज्यांतली कुसळं उपटत राहिलो. गाडी लागली तेव्हा एकाच पायाची निघाली होती.