तीनदा मागणारा

‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्या तोंडून बहुधा भलत्याच वेळी निघतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात, मयतीच्या घरी, नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला परत धाडताना. त्या लेकीसमोर ते उच्चारणं मला तर पापच वाटतं. पंडिता रमाबाईंनी सर्वस्व प्रभूला वाहिलं होतं, पण १८९६-९७च्या दुष्काळात ‘त्याची मर्जी’ म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं मरू घातलेल्या मुलींना आपल्याकडे घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं.

हात टेकण्याला समर्पण म्हणू नये, एवढं यातून कळतं. अवघड प्रश्न पुढचा आहे. आपली स्वतःची इच्छा धडधाकट जिवंत असताना देवाची इच्छा खुशीनं पत्करायची कशी?

इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरी लहान मुलगा, आसरा नातलगांचा, आणि जिवंत नवऱ्यापासूनची ताटातूट. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तरी सोवळं सोबत घेऊनच आल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सगळा काळ त्यांनी रागालोभासकट सांगितला आहे, तोही स्वतःलाच हसत. सोवळं सुटलं ते कुणाच्या हुकमानं सुटलं नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्यानं तडीस नेला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मध्ये पाच वर्षं गेली! आपल्या मंडळीतल्या एखाद्या उत्साही भगिनीनं त्यांना पाच आठवडेही दिले नसते. देवाला घाई नव्हती.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूनंही आपल्या मनातलं लपवलं नाही. हा प्याला टळावा, असं त्यानं पित्याला सरळ सांगितलं. पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली तीही त्याच प्रार्थनेत, पण मागणं आधी आलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो याच प्रार्थनेसाठी तीनदा जातो. आपण मात्र काय हवंय ते न सांगताच ‘तुझ्या मनासारखं होऊ दे’ म्हणून मोकळे होतो. यात नम्रतेपेक्षा धूर्तपणाच जास्त असावा, असा मला संशय आहे. मागितलंच नाही तर नकारही ऐकावा लागत नाही. आणि मूठ उघडून दाखवलीच नाही, तर तिच्यातलं सोडलं तरी काय?

मोठ्या संकटात शरण जाणं त्या मानानं सोपं, कारण दुसरी वाटच नसते. नळाचं पाणी ऐन अंघोळीच्या वेळी गेलं, सुनेनं आमटीत तिच्या माहेरचा मसाला घातला, मंडळीच्या कमिटीत आपली सूचना कुणी ऐकूनही घेतली नाही, अशा वेळी मन हटून बसतं. रविवारी गुडघे टेकून आयुष्य वाहून टाकणारे आपण सोमवारी आमटीवरून अबोला धरतो.

तेव्हा आज सकाळी जे हवंय ते देवाकडे नाव घेऊन मागावं. बदली हवी असेल तर बदली, मुलाचा प्रवेश हवा असेल तर प्रवेश. कमिटीतली ती सूचना अजून सलत असेल तर तीही त्याच्या कानावर घालावी, त्याला हसू आलं तरी चालेल. मिळेल की नाही हे त्याच्याकडे सोपवावं. बदलीचा अर्ज मात्र दुपारच्या आत भरून टाकावा, आज शेवटची तारीख आहे.